चादरीची शेवटची घडी

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ती गेल्याचं सांगितलं. बुधवारी तिचं दफन झालं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिचे विद्यार्थी आले. तिघं होते, दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही विशीच्या पुढचे. त्यांना घरून सांगितलेलं होतं, एक जण तर दफनाला येऊन गेला होता. पण गुरुवार हा शिकायचा वार होता आणि त्यांनी डबे आणले होते. त्यांच्यातली चौथी म्हणजे आमची मुलगी. तिनं दार उघडलं, त्यांच्या चपला ओळीत लावून घेतल्या आणि मला म्हणाली, "पप्पा, शिकवा."

मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मला पुस्तकं लावता येतात, कुणाला हवं ते शोधून देता येतं. शिकवणं मला कधी जमलं नाही, आणि घरात शिकवणारं माणूस होतं म्हणून ते जमवायची वेळही आली नाही. त्या दिवशी मी चौघांना चहा करून दिला. त्यांनी तो प्यायला, पण एकमेकांकडे बघत. मग माझ्या लक्षात आलं की चहा त्यांनी करायचा असतो.

आमचं घर भिंगारला आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अरुंद ओसरी. बायको मतिमंद मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. आता तो शब्द कुणी वापरत नाही, तीही वापरायची नाही, पण शाळेच्या पाटीवर तोच होता. मूल अठराचं झालं की ती शाळा संपते. निरोपसमारंभ होतो, मुलाला फूल देतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते घरी टीव्हीसमोर बसतं. बायकोनं अशी पुष्कळ मुलं फूल घेऊन घरी जाताना पाहिली होती. आमची मुलगी अशीच फूल घेऊन घरी आली तेव्हा बायकोला नोकरीची काही वर्षं बाकी होती. ती संपल्यावर तिनं बाहेरची खोली रिकामी केली, माझी पुस्तकांची कपाटं आतल्या खोलीत ढकलली आणि मधोमध एक लांब टेबल टाकलं.

"वाचायला शिकवणार नाही यांना," ती म्हणाली होती. "वाचणारा एक आहे घरात, तेवढा पुरे. हे चहा करतील, केर काढतील, कपड्यांच्या घड्या घालतील, रस्ता ओलांडतील, दुकानात जाऊन काय हवं ते स्वतःच्या तोंडानं मागतील."

तिची शिकवायची रीत उलटी होती. कुठलंही काम ती शेवटाकडून शिकवायची. चादरीची घडी घ्या. पहिल्या सगळ्या घड्या ती स्वतः घालायची आणि शेवटची एकच मुलासाठी ठेवायची. मूल ती एक घडी घालायचं आणि चादर तयार व्हायची. आठवड्यानं शेवटच्या दोन घड्या मुलाच्या, मग तीन. असं मागे मागे जात महिना-दोन महिन्यांनी चादर झटकण्यापर्यंत पोचायचं.

मी एकदा विचारलं होतं की हे असं उफराटं कशाला.

"अहो, सुरुवातीपासून शिकवलं की ही मुलं निम्म्यात अडकतात. मग आपल्याला दम निघत नाही, उरलेलं आपण करून टाकतो. यांच्या हातून जन्मात काही पूर्ण झालेलं नसतं. एकदा पूर्ण करायची गोडी लागू दे, मागचं शिकतात ती. जे शेवटी येतं तेच पक्कं बसतं."

दुसरी गोष्ट फरश्यांची. बाहेरच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. टेबलापासून उंबऱ्यापर्यंत सात फरश्या. मूल काम शिकत असताना ती त्याच्या शेजारी पहिल्या फरशीवर उभी राहायची. काम तीनदा नीट झालं की एक फरशी मागे सरकायची. बोलायची नाही. मुलांना तिच्या मागे सरकण्याचं फार कौतुक असायचं. एखादं ओरडायचं, "बाई, चार नंबर!" म्हणजे बाई चौथ्या फरशीवर गेल्या. सातव्या फरशीनंतर ओसरी, आणि ओसरीनंतर ती आत माझ्या खोलीत येऊन बसायची आणि पाणी प्यायची. त्या वेळी ती खूश असायची. मी पुस्तकातून मान वर करायचो, काय झालं विचारायचो, आणि उत्तर नीट न ऐकता पुन्हा वाचायला लागायचो.

ती गेल्यावर मी दीड महिना शिकवून पाहिलं. चहा कसा करावा हे मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. तेवीस सूचना झाल्या. कागद ओट्याच्या वर चिकटवला. आमच्या मुलीला थोडं वाचता येतं. ती कागदासमोर उभी राहून एकेक शब्द बोट लावून वाचू लागली आणि नवव्या सूचनेपर्यंत दूध उतू गेलं.

मुलांपैकी मोठा होता तो हसायला लागला. "सर, बाई असं नव्हत्या करत. बाई गप बसायच्या."

"मग तू दाखव."

"मी कशाला? तुम्ही सर आहात ना?"

पहिल्या आठवड्यात घरात माणसं होती. पाळकसाहेब येऊन गेले, चर्चमधल्या बायकांनी आळीपाळीनं डबे पाठवले. मग डबे थांबले, आणि पुढच्या काही आठवड्यांत मुलंही थांबली. मोठ्याला त्याच्या चुलत्यानं घोडेगावला नेलं. जनावरांच्या बाजारात त्यांचं दोर-कासऱ्यांचं दुकान लागतं, तिथं तो बसतो. गाठी मारायला त्याला बायकोनंच शिकवलं होतं. दुसऱ्याला शहरातल्या एका केंद्राची गाडी न्यायला येऊ लागली. तिसरी, ती विद्यार्थिनी, मात्र तिच्या घरीच राहिली. तिची आई दारात येऊन म्हणाली, "आता बाई नाहीत, तर कशाला पाठवायची?" मी "नाही, पाठवा" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं." त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टेबल मोकळं झालं. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक मेणकापड आहे. आमच्या मुलीला ताटं मांडता यावीत म्हणून बायकोनं त्यावर ऑइलपेंटनं तीन ताटांचे गोल काढले होते, शेजारी तीन लहान गोल भांड्यांचे. मुलगी रोज तीन ताटं मांडायची. ती चुकत नव्हती. गोल तीन होते. जेवण झालं की तिसरं स्वच्छ ताट ती पुन्हा घासून ठेवायची.

आमच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. सव्वीस वर्षांची आहे. उंचीनं माझ्या खांद्याखाली, बोलणं तुटक पण स्पष्ट, आणि नखांना रंग लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. बायको जायच्या महिनाभर आधी तिनं मुलीसाठी एक काम ठरवून ठेवलं होतं. नगरमध्ये एक जुना धर्मादाय दवाखाना आहे, त्याच्या धुलाई विभागात. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे तिथं धुऊन, वाळवून, घडी घालून परत जातात. मुलीनं घड्या घालायच्या. तीन महिने उमेदवारी. एकटीला काम जमलं तर कायम, आणि नुसतं कायम नाही. धुलाईच्या मागे बायकांच्या राहायच्या खोल्या आहेत. त्यांतल्या एकीत घड्यांच्या टेबलावरच्या प्रमुख राहतात, पन्नाशीच्या, विधवा. त्यांना सगळे आपा म्हणतात. त्यांच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी झाली होती. आपा बायकोला म्हणाल्या होत्या, "काम जमलं तर राहू दे माझ्याजवळ. मला पण सोबत होईल."

म्हणजे त्या तीन महिन्यांवर तिचं पुढचं सगळं होतं. काम, खोली, आणि आमच्यामागं हिचं काय, या प्रश्नाचं उत्तर. तो प्रश्न आम्ही दोघांनी सव्वीस वर्षांत एकमेकांना कधी विचारला नव्हता, कारण दोघांनाही तो पाठ होता. मुलीला प्रश्नाशी देणंघेणं नव्हतं. तिनं आईबरोबर जाऊन ती खोली पाहिली होती. खाटेशेजारी एक लोखंडी कपाट होतं, कुलपाचं. घरी तिच्या कुठल्याच वस्तूला कुलूप नव्हतं. तिला ते कपाट हवं होतं.

जून महिन्यात आम्ही जायला लागलो. नाक्यावरून शेअर रिक्षा, मग थोडं चालणं. धुलाईची खोली लांबोळकी होती, एका टोकाला मशीनं, दुसऱ्या टोकाला घड्यांचं टेबल, खाली सिमेंटचा कोबा. फरश्या नव्हत्या. मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मनात म्हटलं, आता मोजायचं कशावर? पण खरं सांगायचं तर मोजायला नको म्हणून मला बरंच वाटलं.

आपांनी मला टेबलापासून दोन हातांवर एक स्टूल दिलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं.

"साहेब, तुमी बसणार हितं?" आपा म्हणाल्या.

"थोडे दिवस. तिला सवय होईपर्यंत."

"बसा की. पण चादरी लई उडतात, पुस्तकात जातील."

मुलीला घड्या येतच होत्या, आईनं शिकवलेल्या. दवाखान्याची चादर घरच्यापेक्षा मोठी असते, एवढाच फरक. पहिल्या आठवड्यात तिचा वेग कमी होता, दुसऱ्यात वाढला. मी स्टुलावर बसलेलो असायचो. साबणाचा आणि वाफेचा वास, मशीनचा आवाज, अकरा वाजता आपांचा चहा. आपा मुलीला "बेटा" म्हणायच्या आणि तिच्या नखांच्या रंगाची चेष्टा करायच्या. "आज हिरवा? ऑपरेशनच्या कपड्यात तुझं नख हरवलं तर शोधणार कोण?" मुलगी खो खो हसायची. हे सगळं माझ्यासमोर व्हायचं आणि मला त्यात काही करायचं नसायचं.

मला तिथं जायला आवडू लागलं. हे मी इथं लिहितो कारण पुढचं त्यातून झालं. घरी बाहेरच्या खोलीत ते लांब टेबल होतं आणि आत पुस्तकांची कपाटं. निवृत्तीनंतर वाचीन म्हणून ठेवलेली पुस्तकं मी उघडायचो आणि मिटायचो. धुलाईत निदान कुणीतरी काहीतरी करत असायचं. रोज सकाळी मी मुलीच्या आधी तयार व्हायचो.

एकदा आपा माझ्या स्टुलापाशी येऊन वाकून बघायला लागल्या. "काय साहेब, हे पुस्तक कितव्या दिवशी संपणार?"

"का?"

"न्हाई, सोमवारपासून हेच पान हाय."

दुसऱ्या महिन्यात मला ताप आला. मुलीला एकटीला पाठवायचं की नाही यावर मी सकाळी बराच वेळ घालवला. शेवटी शेजारच्या एक बाई त्याच बाजूला चालल्या होत्या, त्यांनी तिला दवाखान्याच्या दारात सोडलं. अकरा वाजता आपांचा फोन आला.

"साहेब, ती उभी हाय हो."

"उभी म्हणजे?"

"चादरीची घडी घातली, हातात धरून उभीच राहिली. ठेव म्हटलं तर ठेवत न्हाई. बस म्हटलं तर बसत न्हाई. दाराकडं बघती. सकाळपासून तीन चादरी झाल्यात, त्या पण मी तिच्या हातातनं काढून घेतल्या."

मी म्हटलं, येतो. ताप होता तरी उठलो, कपडे केले. रिक्षात बसल्यावर मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला होता. तिला माझ्यावाचून होत नाही, हे मला कळलं होतं आणि मला आनंद झाला होता.

मी दारात दिसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, चादर टेबलाशेजारच्या ढकलगाड्यावर ठेवली आणि पुढची घेतली.

त्याच दुपारी मेट्रनबाई धुलाईत आल्या. उमेदवारीचा निर्णय त्यांच्या हातात होता. बाई कडक, पण माणूस म्हणून चांगल्या. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. मला बाजूला न घेता तिथंच विचारलं, "साहेब, तुम्ही रोज बघता. एकटीला जमेल हिला?"

घड्या तिला येत होत्या. त्यात तिची चूक होत नव्हती. कुठंतरी काहीतरी अडत होतं, ते शोधायला हवं होतं, आणि मी तेवढंच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "अजून नाही, बाई. मला नाही वाटत इतक्यात जमेल. खोलीचं तर राहूच द्या."

मुलगी टेबलापाशी होती. तिनं ऐकलं. तिच्या हातातल्या अभ्र्याची घडी अर्धी राहिली.

घरी येताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढे ड्रायव्हरजवळ बसली. तिनं तीन ताटं मांडली, स्वतःचं ताट उचललं आणि ओसरीत जाऊन एकटी जेवली. मी मेणकापडासमोर दोन ताटांपाशी बसलो होतो, एकात भाजी होती.

पुढचे दोन दिवसही ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी अकराच्या चहाला आपा कप घेऊन माझ्याजवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"साहेब, राग येईल तुमाला. येऊ दे. एक सांगू का?"

"सांगा."

"तुमी मान हलवता."

मला कळलं नाही.

"पोरगी घडी घालती. घालून झाली की तुमच्याकडं बघती. तुमी पुस्तकातनं वर बघता आन् मान हलवता. मग ती चादर ठेवती. दर चादरीला. मी दोन म्हैने बघती हाय. तुमाला म्हाईत न्हाई?"

"मी हलवत नाही."

"आता पण हलवली."

मी वळून पाहिलं. मुलगी गाड्यावर चादर ठेवत होती.

मी तिथंच बसून राहिलो. चहा गार झाला. माझ्या बायकोच्या हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं. चादरीच्या सगळ्या घड्या तिनं मुलीला शिकवल्या होत्या, शेवटची आधी. आणि मी त्या शेवटच्या घडीच्या पुढे आणखी एक पायरी जोडली होती, माझी मान. जे शेवटी येतं तेच पक्कं बसतं. मी रोज, दर चादरीला, दोन महिने ते पक्कं करत आलो होतो. मी नसलो की तिच्या लेखी चादर पूर्णच होत नव्हती. ती एकटेपणाला घाबरून किंवा आईच्या आठवणीनं उभी राहिली नव्हती. ती मी शिकवलेलंच करत होती, आणि मेट्रनबाईंना मी सांगितलं होतं की तिला जमत नाही.

"आता काय करायचं?" मी आपांना विचारलं.

"मला काय विचारता? तुमच्या घरात मास्तरीण होत्या. त्यांनी काय केलं असतं?"

मला ते माहीत होतं. मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

पाठीमागे चादर झटकल्याचा आवाज आला, घड्या घातल्याचा आला, आणि मग काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होतो.

"पप्पा."

मी मिनिटकाट्याकडे बघत राहिलो.

"पप्पा, बघा ना. घातली."

मशीनचा आवाज थांबला होता. सगळे वाट बघत असावेत. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला मान वळवावीशी वाटत होती, आणि ते तिच्यासाठी नव्हतं हे मला कळत होतं.

"आपा, तुम्ही बघा."

"मी कशाला? माझी मान दुखती, बेटा. तुझी चादर हाय, तूच बघ."

आणखी काही मिनिटं गेली. मग गाड्याची चाकं करकरली आणि मुलगी मोठ्यानं ओरडली, "झालं! कुणी बघू नका!"

ती चिडली होती. पुढची चादर तिनं इतक्या जोरात झटकली की वारा माझ्या मानेला लागला. त्या दिवशी प्रत्येक चादरीला ती "झालं" म्हणाली, सुरुवातीला ओरडून, संध्याकाळी नुसतं पुटपुटत. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. चौथ्या दिवशी दोन चादरींना म्हणायची विसरली.

त्यानंतर माझं स्टूल दारात गेलं. दारातून बाहेर बदामाच्या झाडाखाली. तिथून आतलं दिसत नाही, मशीनचा आवाज तेवढा येतो. तिथं मी आठवडाभर बसलो. वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे खोल्यांची ओळ होती, एका खिडकीत आपांची कुंडी. मग मी दवाखान्याच्या फाटकापर्यंतच जाऊ लागलो, मग नाक्यावर तिला रिक्षात बसवून परत. प्रत्येक वेळी मागे सरकायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले. फाटकापासून परत फिरायच्या पहिल्या दिवशी मी समोरच्या टपरीवर दोन तास बसलो आणि दोनदा चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, "पेशंट कोण हाय तुमचं?" मी म्हणालो, कुणी नाही.

एकदा ती चुकली. परत येताना भलत्याच शेअर रिक्षात बसली आणि पार दुसऱ्या टोकाला गेली. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "मला भिंगार पाहिजे," आणि त्यानं तिला दुसऱ्या रिक्षात बसवून दिलं. तासभर उशिरा ती घरी आली. मी घराच्या दारात उभा होतो.

"कुठं होतीस तू?"

"हरवले होते," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली. "भूक लागलीय."

तीन महिने संपले त्या शनिवारी मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. मी गेलो. धुलाईत पाऊल टाकून मला दोन आठवडे झाले होते. मुलगी घड्या घालत होती. तिनं मला पाहिलं आणि हातातली घडी पुरी केली, चादर ठेवली, पुढची घेतली. माझ्याकडे पाहिलं होतं ते नुसतं कोण आलं म्हणून.

"काय साहेब," मेट्रनबाई म्हणाल्या, "आता काय म्हणता?"

"बाई, मागच्या वेळी मी..."

"मोठ्या बाई," मुलगी टेबलापासून म्हणाली, "मला विचारा."

मेट्रनबाई तिच्याकडे वळल्या. "बरं, तुला विचारते. एकटीला जमेल का?"

"जमतंय. पप्पांना जमत नाही."

आपा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मेट्रनबाई हसल्या. मला हसू आलं आणि मग मी दाराबाहेर बघत राहिलो. नंतर ऑफिसात मी बाईंना सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुमच्या मान हलवण्याचं आपांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणून तर मी निर्णय लिहिला नाही."

पहिल्या तारखेला ती राहायला गेली. सामान तिनं स्वतः भरलं. पांघरूण, चार ड्रेस, टॉवेल, स्टीलचा पेला, नखांच्या रंगाच्या सगळ्या बाटल्या आणि आईचा एक स्वेटर. तो तिला मोठा होतो. मी पिशवी धरायला म्हणून बरोबर गेलो. आपांनी खाटेवर नवी चादर घातलेली होती. मुलीनं सगळं कपाटात रचलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि ड्रेसच्या आत टाकली. आपा माझ्यासाठी चहा ठेवायला निघाल्या.

"नको आपा," मुलगी म्हणाली. "पप्पा, तुम्ही आता जा. नंतर रिक्षात जागा मिळत नाही."

जागा मिळत होती. मी गेलो.

याला आता वर्ष होत आलं. ती धुलाईत काम करते आणि आपांच्या खोलीत राहते. रविवारी ती एकटी रिक्षानं भिंगारला येते, माझ्याबरोबर चर्चला येते, घरी जेवते आणि चारच्या सुमाराला परत जाते. बुधवारी फोन करते, पण दर बुधवारी नाही. उरलेले सहा दिवस घरात मी एकटा असतो.